झोपाळू बाळ, नव्वद ग्रॅम वजन आणि उरलेले तीन आठवडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लक्षात येईल. बाळ 32 आठवड्यांचं असताना जन्मलं, वजन 1450 ग्रॅम. 26 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहून 1820 ग्रॅमवर घरी आलं. घरी येऊन नऊ दिवस झाले आणि काल वजन भरलं 1910. तुम्ही माहेरी, निफाडच्या बाजूला आहात आणि थंडी कडाक्याची आहे. बाळ दिवसभर झोपतं, अंगावर दहा-पंधरा मिनिटं ओढतं की डोळे मिटतं. जागं असलं तर तुम्ही काढलेलं दूध चमच्याने 15 मिली पाजता. रात्री एकदा पाच तास सलग झोपतं. आई म्हणते, झोपलेल्या बाळाला उठवू नये, शांत बाळ आहे. शेजारच्या काकू म्हणतात, डब्याचं दूध सुरू करा. रोज मावशी येऊन तेल लावून न्हाऊ घालतात आणि धुरी देतात. दूध कमी पडतंय का, हा तुमचा मूळ प्रश्न, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की बारसं करायचं का.

यात तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सगळ्यात तातडीची आहे. डोळ्यांची तपासणी झाली का? प्रश्नात कुठे उल्लेख नाही. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2000 ग्रॅमच्या आत जन्मलेल्या बाळाची आरओपीची (कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या आजाराची) पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवी. तुमच्या बाळाला आज 35 दिवस झाले. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. बहुधा खालच्या कोपऱ्यात ‘आरओपी स्क्रीनिंग’ आणि एक तारीख लिहिलेली असेल, डिस्चार्जच्या गडबडीत ती हमखास नजरेतून सुटते. झाली असेल तर पुढची तारीख कधीची आहे ते बघा, कारण ही तपासणी एकदा करून संपत नाही, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण पसरेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी करावी लागते. झालीच नसेल तर उद्या सकाळी फोन करून याच आठवड्यातली वेळ घ्या. ती करणारा नेत्रतज्ज्ञ रेटिनाचा किंवा आरओपीचं प्रशिक्षण घेतलेला लागतो, चष्म्याचा नंबर काढणाऱ्या दवाखान्यात हे होत नाही. डोळे बाहेरून अगदी छान दिसतात, बाळ दिव्याकडे बघतंही, तरी आत आजार वाढत असू शकतो. उपचाराची गरज निघाली तर लेसर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं, म्हणून इथे ‘थंडी कमी झाली की जाऊ’ चालत नाही. जाताना बाळाला टोपरं, मोजे आणि छातीशी बांधून न्या. तपासणीच्या आधीचा तासभर दूध देऊ नका, थेंब आणि उपकरणांमुळे उलटी होते. तपासणी झाल्यावर लगेच पाजा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. दूध कमी पडतंय का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. बाळ कधी आणि किती पितं हे सध्या बाळाच्या झोपेवर सोडलेलं आहे, आणि जे पितं त्यातला बराच भाग अंघोळीत आणि थंडीत खर्च होतोय.

पूर्ण दिवसांचं बाळ भूक लागली की रडतं. हा नियम तुमच्या बाळाला अजून लागू नाही. 32 आणि 5 मिळून आज ते 37 आठवड्यांचं आहे. तुमची बाळंतपणाची मूळ तारीख अजून तीन आठवडे पुढे आहे, म्हणजे हिशोबाने ते अजून पोटात असायला हवं होतं. या वयातला मेंदू बहुतेक वेळ झोपेतच असतो आणि भुकेने जागं होऊन ओरडण्याइतका तयार झालेला नसतो. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांपासून बसायला लागतो, पण ताकद पुरत नाही. दहा मिनिटांत दमून बाळ डोळे मिटतं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. दूध कमी गेलं की ते आणखी झोपतं, झोपलं की पुढची वेळ चुकते, आणि मग पुढच्या वेळी ओढायला आणखी कमी जोर उरतो. म्हणून आईंना एवढंच सांगा की त्यांचा नियम चुकीचा नाही, तो तीन आठवड्यांनंतर लागू होईल. मूळ तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. तोवर घड्याळ बघून पाजायचं.

वजनाचं गणित असं. मूळ तारखेपर्यंत बाळाने दर किलोमागे रोज साधारण 15 ते 20 ग्रॅम वाढावं अशी अपेक्षा असते. तुमच्या बाळासाठी म्हणजे रोज 28 ते 38 ग्रॅम, पण अंगावर प्यायला शिकत असलेलं बाळ घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात थोडं मागे पडतं, म्हणून 25 मिळाले तरी मी समाधानी असते. तुमचे 90 ग्रॅम नऊ दिवसांत आले, म्हणजे रोज 10. हे कमी आहे. घाबरून आज रात्री दवाखाना गाठावा इतकं नाही, पण आणखी एक आठवडा असंच जाऊ द्यावं इतकं किरकोळही नाही.

त्याआधी वजन खरं आहे का तेही बघा. एनआयसीयूतला काटा पाच-दहा ग्रॅमपर्यंत अचूक असतो. घरी आणलेला स्वस्त काटा किंवा अंगणवाडीतला लटकता काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या टप्प्याने दाखवत असेल तर ‘नव्वद ग्रॅम’ या आकड्याला अर्थच नाही. एकच डिजिटल काटा ठरवा, मग तो दवाखान्यातला असला तरी चालेल. पूर्ण उघडं, दूध पाजण्याआधी, साधारण त्याच वेळी. ओलं डायपर आणि दुपटं मिळून सहज शंभर ग्रॅम होतात. घरी रोज वजन करू नका. एका दिवसात शी झाली की 30 ग्रॅम जातात आणि सगळं घर रडकुंडीला येतं. सध्या तीन दिवसांनी एकदा, वाढ रुळावर आली की आठवड्याला एकदा.

दुधाचं सांगते. दिवसाला दर किलोमागे 150 ते 180 मिली हा ढोबळ हिशोब. 160 धरलं तर 1.9 किलोला 24 तासांत साधारण 300 मिली. सगळं दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं असतं तर दहा वेळा 30 मिली. तुमचं बाळ अंगावर किती ओढतं हे मला इथून कळणार नाही, कुणालाच बघून कळत नाही. गालाची हालचाल दिसते, पण गिळल्याचा बारीक ‘क्क’ आवाज येतो का आणि दर एक-दोन ओढींमागे एकदा गिळतं का, यावर अंदाज बांधता येतो. दहा मिनिटांत पहिली तीन मिनिटं गिळणं आणि उरलेली सात नुसतं चुळबुळत चोखणं असेल, तर अंगावरचं दूध 10 मिलीच्या वर जात नाही असं धरून चाला.

एक फेरी अशी करून बघा. वेळ मोजायची ती पाजायला सुरुवात केल्यापासून पुढच्या सुरुवातीपर्यंत. दिवसा अडीच तास, रात्री जास्तीत जास्त तीन. म्हणजे 24 तासांत नऊ-दहा फेऱ्या. उठवताना गाढ झोपेतून ओढून काढू नका, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील. पापण्यांखाली बुबुळं हलतायत, तोंड चाळवतंय, हात तोंडाकडे येतोय, ही हलकी झोप, हीच वेळ साधायची. दुपटं सोडा, लंगोट बदला, पाठीवरून आणि तळव्यावरून बोट फिरवा, उभं धरा. ओल्या फडक्याने तोंड पुसून किंवा टपल्या मारून जागं करू नका, बाळ गार पडतं आणि चिडून आणखी दमतं.

मग अंगावर 15 मिनिटं, 20 च्या वर नाही. ओढणं थांबलं की स्तन तळहाताने हळूच दाबून धरा, दूध तोंडात आलं की बाळ पुन्हा गिळतं. लगेच त्यानंतर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, आणि हे ‘जागं असेल तर’ नाही, प्रत्येक वेळी. सुरुवात 20 मिलीने करा. दहा फेऱ्यांचे 200 मिली नक्की पोटात गेले, वरचं अंगावरून. सगळा प्रकार 40 मिनिटांत संपायला हवा. तासभर चाललेलं पाजणं हा बाळासाठी व्यायाम ठरतो, मिळालेलं त्यातच जळतं. हा 20 मिलीचा आकडा तुमच्या बालरोगतज्ज्ञांना फोनवर सांगून घ्या. बाळाला जन्मानंतर आतड्यांचा त्रास झाला असेल, हृदयातली नळी उघडी असेल किंवा घरी ऑक्सिजन चालू असेल तर हिशोब बदलतो, आणि तो कागद माझ्यासमोर नाही.

बोंडल्याने पाजताना चूक कुठे होते? बाळ आडवं आणि दूध ओतलेलं. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान आणि खांदे एका हातावर. बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याशी टेकवा आणि दूध फक्त टोकापर्यंत आणा. बाळ जीभ बाहेर काढून स्वतः घेतं. गिळलेलं दिसलं की पुढचा घोट. डोळे मिटलेलं बाळ तोंड उघडून धरून पाजू नका, ते दूध श्वासनळीत जाऊ शकतं. खोकला आला, ओठ काळसर-निळे पडले, की थांबा, उभं धरा. आणि हनुवटीखालचं फडकं बघत जा. 20 मधले सहा-सात मिली तिथेच असतात, ते बाळाच्या खात्यावर मांडू नका. पाजून झाल्यावर वीस मिनिटं उभं, छातीशी. थोडी दह्यासारखी गुळणी आली तर चालेल. बोंडलं साबणाने घासून, पाण्यात पूर्ण बुडवून, पाणी उकळू लागल्यापासून दहा मिनिटं उकळायचं.

दूध पुरतंय का याचं उत्तर तुम्ही किती वेळा काढता यावर आहे. बाळाची ओढ कमजोर असली की स्तन नीट रिकामे होत नाहीत, आणि रिकामे न झालेले स्तन दूध कमी करत जातात. म्हणून पाजल्यानंतर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं काढायचं, दिवसातून किमान सात-आठ वेळा, त्यातलं एक रात्री एक ते चारच्या मध्ये. हाताने काढताना बोटं काळ्या भागाच्या कडेशी, आधी मागे छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. निपल ओढायचं नाही, दुखतं आणि दूधही येत नाही. पंप वापरत असाल आणि अचानक दूध कमी निघायला लागलं, तर स्वतःला दोष देण्याआधी पंपाच्या झडपेवरचा पांढरा पातळ रबरी पडदा उजेडात धरून बघा. तो जरासा फाटला की मोटरचा आवाज तोच राहतो, पण ओढ निम्मी होते. पडदा सुटा विकत मिळतो. काढलेलं दूध घरात बाहेर चार तास, फ्रीजमध्ये मागच्या बाजूला (दारात नाही) 24 तास. गरम करायचं ते वाटी कोमट पाण्यात ठेवून. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

डब्याच्या दुधाबद्दल काकूंना वाईट म्हणायचं कारण नाही, पण तो आजचा निर्णय नाही. वरचा बदल करून तुमचंच दूध 200 मिली निघत असेल तर डबा कशाला? नाहीच निघालं, किंवा निघूनही वजन वाढलं नाही, तर डॉक्टर तुमच्या दुधात मिसळायची पुडी किंवा कमी दिवसांच्या बाळासाठीचं खास दूध लिहून देतील. दोन्हीचं प्रमाण पाकिटावर असतं तेच पाळायचं. वजन लवकर वाढावं म्हणून एक चमचा जास्त टाकणं हे माझ्या बघण्यात सर्रास होतं, आणि पोट फुगून बाळ पुन्हा भरती होतं. गाईचं दूध, पाणी घातलेलं असो की निर्जळ, नाही.

आता थंडी आणि अंघोळ. त्वचेखालची चरबी पोटातल्या शेवटच्या दोन महिन्यांत साठते. तुमच्या बाळाला तो काळ पोटात मिळालाच नाही. अंग लहान, त्यामानाने कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते आणि ती भरून काढायला दूधच जाळावं लागतं. निफाडच्या थंडीत, मोरीत, तेल चोळत पंधरा मिनिटं आणि पाण्यात दहा मिनिटं. त्यानंतर ‘न्हाऊन छान चार तास झोपलं’ असं सगळे कौतुकाने सांगतात. ती सुखाची झोप नसते, दमून आणि गारठून आलेली असते, आणि त्यात एक फेरी बुडते. बाळ 2.5 किलोचं होईपर्यंत पाण्यातली अंघोळ बंद. दोन दिवसांआड, दारं-खिडक्या लावलेल्या उबदार खोलीत, कोमट पाण्याच्या मऊ फडक्याने एकेक भाग पुसून लगेच झाकायचा. लंगोटाची जागा, मांडीचे सांधे, मानेची घडी आणि काखा रोज. मावशींना नाही म्हणणं अवघड असतं हे मला माहीत आहे. त्यांना तुमच्या अंगाला तेल लावायला सांगा. बाळाचं नंतर, आणि तेही चोळणं-ओढणं नाही, हलका हात.

धुरी मात्र लगेच बंद. ओवा, वावडिंग, धूप काहीही असो, धूर तो धूर. कमी दिवसांच्या फुप्फुसांना तो सहन होत नाही. खाटेखालची कोळशाची शेगडीसुद्धा. बंद खोलीत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि तो तुम्हालाही तेवढाच घातक आहे. बाळगुटी, मध, ग्राइपवॉटर, नाकात तेल, काजळ यांतलं काही सुरू असेल तर तेही थांबवा. नाकात घातलेलं तेल फुप्फुसात उतरतं, मधाने बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी जंतूंची विषबाधा) होऊ शकतो. टाळूवर तेलाचं बोट फिरवलं तर काही बिघडत नाही. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी घालतात तीही नको. पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपवा. झोळीत मान छातीवर वाकते, आणि या वयात वाकलेली मान म्हणजे अडलेला श्वास.

खोलीत 26 ते 28 अंश हवेत. भिंतीवरचा साधा तापमापक लावून बघा, अंदाजाने नाही. बाळाचं काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 मध्ये हवं. तापमापक नसेल तेव्हा हाताची उलटी बाजू आधी पोटाला, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि तळवे गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय आणि वजन तिथेच जातंय. दोन्ही गार असतील तर लगेच छातीशी घ्या आणि दवाखान्यात फोन करा.

छातीशी घेणं म्हणजे कांगारू केअर, आणि माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात कमी वापरलं जाणारं औषध हेच आहे. 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात म्हणून हे सुरू झालं. आज इनक्युबेटर असलेल्या ठिकाणीही करतात, कारण बाळ उबदार राहतं, श्वास स्थिर राहतो आणि आईचं दूध वाढतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे 8 ते 24 तास सांगते. बाळाला फक्त लंगोट, टोपरं, मोजे. तुमच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय, डोकं एका बाजूला आणि मान किंचित मागे, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून जुन्या मऊ सुती साडीने घट्ट बांधा, वरची कड बाळाच्या कानाखाली यायला हवी. त्यावर पुढून उघडणारा ब्लाउज आणि शाल. एका वेळी किमान तासभर, नाहीतर बाळ नुसतं काढण्या-ठेवण्यातच दमतं. झोप आली तर पाठीला उशा लावून टेकून बसा, सपाट पडू नका, आणि घरातलं कुणी जागं असू द्या. तुमचे आठ तास होत नसतील तर आईंनी घ्यावं. बाळाचे बाबा शनिवार-रविवारी येतात तर त्या दोन दिवसांतली दुपार त्यांची. बाळ साधारण अडीच किलोच्या आसपास आलं की स्वतःच हातपाय झाडून बाहेर यायला बघतं, तेव्हा थांबवायचं.

थेंबांच्या बाटल्या घेऊन बसा. ‘थेंब चालू आहेत’ एवढ्याने मला समाधान नाही. व्हिटॅमिन डीच्या बाजारातल्या बाटल्या 400 आययू प्रति मिली आणि 800 आययू प्रति मिली अशा दोन्ही मिळतात. रोज 400 द्यायचं असेल तर पहिलीतून 1 मिली, दुसरीतून अर्धा. मेडिकलवाल्याने बदलून दुसरी कंपनी दिली आणि घरात तोच 1 मिली चालू राहिला, हे नेहमीचं. लोहाचंही तसंच. बाळाला दर किलोमागे रोज 2 ते 3 मिलिग्रॅम लागतं, आणि दर मिलीत किती हे कंपनीगणिक खूप वेगळं असतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन वाढलं की दर भेटीत ती वाढवून घ्यायची. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाने शी काळपट-हिरवट होते, ते ठीक आहे. पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळणारा लोहाचा साठा बाळाला पूर्ण मिळालेला नाही, म्हणून हे थेंब ‘टॉनिक’ समजून मध्येच सोडू नका, सहसा वर्षभर चालतात.

हे सगळं तीन दिवस करा आणि वजन करा. 75 ग्रॅम किंवा जास्त वाढले तर रस्ता बरोबर आहे, हेच चालू. लघवी दिवसाला सहा-आठ वेळा होत राहायला हवी. फेऱ्या आणि मिली पाळूनही वजन हललं नाही तर आणखी दूध वाढवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. जन्मानंतर पाचव्या-आठव्या आठवड्याच्या सुमाराला कमी दिवसांच्या बाळाचं हिमोग्लोबिन उतरतं, मग बाळ फिकट, झोपाळू आणि ओढायला कमजोर होतं. लघवीतला जंतुसंसर्ग आणि थायरॉइडही बघावं लागतं. जाताना वहीचं एक पान न्या. वेळ, अंगावर किती मिनिटं, बोंडल्याने किती मिली, लघवी, शी, तापमान. माझ्यासमोर असं पान आलं की निम्मं काम झालेलं असतं.

काही गोष्टींत तीन दिवस थांबायचंच नाही. सलग दोन फेऱ्या दूध नाकारलं, उठवूनही उठत नाही, काखेत 36.5 च्या खाली किंवा 37.5 च्या वर राहतं, एका मिनिटात 60 च्या वर श्वास (पूर्ण मिनिट मोजा, निम्मं मोजून दुप्पट नको), बरगड्यांखाली खड्डा पडतोय, श्वास वीस सेकंद थांबला किंवा थांबून रंग बदलला, हिरवी उलटी, पोट टणक, शीमध्ये रक्त, तळवे पिवळे, झटके. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं या वयात नेहमीचं आहे, रंग गुलाबी असेल तर त्याला घाबरू नका. यांतलं काही रात्री दिसलं तर 108 ला फोन करा आणि बाळ छातीशी बांधूनच न्या. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला उपचार आणि नेआण मोफत आहे, पैशाचा विचार करत सकाळची वाट बघू नका.

वयाचा एक गोंधळ पुढे होणार आहे, म्हणून आत्ताच. लसी जन्मतारखेप्रमाणे, बाकी सगळं मूळ तारखेप्रमाणे. म्हणजे सहा आठवड्यांच्या लसी पुढच्या आठवड्यात, वजन दोन किलो नाही म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. त्यानंतर दोन दिवस बाळाच्या पिण्याकडे आणि श्वासाकडे जास्त लक्ष ठेवा. हसणं, मान धरणं, वरचं अन्न यांसाठी मात्र आठ आठवडे वजा करायचे. पूर्ण दिवसांचं बाळ दोन महिन्यांत ओळखून हसतं, तुमचं जन्मापासून चार महिन्यांनी हसलं तर ते वेळेवरच आहे. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत. कानांची तपासणीही राहिली असेल तर करून घ्या, आणि एनआयसीयूतल्या बाळासाठी ती बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेचीही तपासणी) हवी, नुसती ओएई (फक्त आतल्या कानाची तपासणी) पुरत नाही. मूळ तारखेच्या सुमाराला मेंदूची सोनोग्राफी लागेल का, तेही विचारा.

बारसं. नाव ठेवायला कुणाची हरकत नाही, गर्दीला आहे. घरातली चार माणसं, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, आणि बाळ पाळण्याऐवजी तुमच्या छातीशी. कुणाला नुसती सर्दी असली तरी त्याने दारातून बघावं. मोठ्या माणसाच्या साध्या शिंकेतून या बाळाला न्यूमोनिया होऊ शकतो. तुम्हालाच सर्दी झाली तर मास्क लावून पाजत राहा, दूध बंद करायचं नाही. घुगऱ्या आणि पन्नास पाहुणे मूळ तारीख उलटून दोन-अडीच महिने झाल्यावर करा. तोवर थंडी गेलेली असेल आणि बाळाच्या पहिल्या लसीही झालेल्या असतील.